बिनवासाची गोळी

वास आला नाही. झालं एवढंच. रविवारची सकाळ होती, समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून आलेलं ऊन ओट्यावर पसरलं होतं, चहाचं पातेलं धुऊन पालथं घातलं होतं, आणि मी भावाची आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरत होते. प्रत्येक वाराचा एक खण, खणात दोन कप्पे, सकाळचा आणि संध्याकाळचा. हे काम मी डोळे मिटून करते. फक्त त्या दिवशी शेजारी माझी स्वतःची बाटलीही उघडी होती, कारण न्याहारीबरोबरची माझी गोळी घ्यायची राहून गेली होती. माझ्या बाटलीतून तो नेहमीचा वास आला. ओल्या टायरचा म्हणा, शिळ्या मासळीचा म्हणा, डायबेटिसची ही गोळी खाणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी नाक मुरडेल आणि मग मान डोलवेल. मी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, आता दोन बाटल्या उघड्या म्हणजे मासळीबाजारच भरला. आणि हात तिथेच थांबला. भावाची बाटली उचलून नाकाशी नेली. पुन्हा नेली. आत बोट घालून बोट हुंगलं. काही नाही. धुतलेल्या बशीला जेवढा वास असतो तेवढासुद्धा नाही.

त्याच्या बाटलीत माझीच गोळी असायला हवी होती. म्हणजे असण्याची शक्यता होती, निम्मी शक्यता. हे निम्मं प्रकरण मला पहिल्या दिवसापासून घशात अडकलेल्या काट्यासारखं आहे. माझा भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. लहानपणी एका जागी बसायचा नाही, गिरक्या घेत घरभर फिरायचा, म्हणून आई त्याला भिंगऱ्या म्हणायची, आणि तेच नाव चिकटलं. ऐन तरुणपणी तो पावडरीच्या नादाला लागला, पावडरीवरून सुईवर गेला, आणि सुईतून त्याला एचआयव्ही झाला. आता सुई सुटली आहे. एचआयव्हीच्या गोळ्या तो नियमाने घेतो, विषाणू दबलेला आहे, रिपोर्टात तसं येतं. पण रोगाशी लढणाऱ्या पेशी काही वाढत नाहीत. जिथे होत्या तिथेच, तळाशी, हट्टाने बसलेल्या. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं. अशी वर्षानुवर्षं नशा केलेल्या माणसांचं शरीर नशा सुटली तरी आतून धुमसत राहतं, त्या धगीत नव्या पेशी टिकत नाहीत. डायबेटिसची एक जुनी, साधी गोळी ही धग कमी करते का, हे त्यांना बघायचं होतं. कदाचित करते, कदाचित नाही. म्हणून निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना नुसती तशी दिसणारी.

"कुणाला कोणती मिळते ते मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे हात फार लहान होते, एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत तसे, आणि त्या हातांत आमचं सगळं होतं.

"म्हणजे छापा-काटा," भिंगऱ्या म्हणाला.

"तसंच काहीसं."

"मग मला छापा द्या. काट्यांचा कोटा माझा संपला."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, ती गोळी म्हणजे मी घेते तीच का हो? त्या म्हणाल्या, तीच, तेवढ्याच ताकदीची, तुम्ही तर किती वर्षं घेताय, तुम्हाला माहीतच आहे की ती किती गरीब गोळी आहे ते. पुढे असंही म्हणाल्या, की घरात दोघांच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, एकमेकांच्या गोळ्या घेऊ नका. बाटली दर वेळी परत आणा, उरलेल्या आम्ही मोजतो. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आणि गेल्याच आठवड्यात पहिला रिपोर्ट आला होता. पेशी वाढलेल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्यात काही म्हणता येत नाही, काहींना वेळ लागतो. घरी येताना भिंगऱ्या रस्ताभर शिट्टी वाजवत होता आणि मी त्याच्या मागून चालत त्याच्या मानेकडे बघत होते. त्याची मान पाठीमागून बघितली की मला नेहमी भीती वाटते. एवढ्याशा देठावर एवढं मोठं डोकं कसं राहतं, असं वाटतं. आता या बिनवासाच्या बाटलीसमोर उभी असताना मला सगळं एकदम कळलं. पेशी वाढणार कुठून? त्याला काटाच मिळाला होता. डोळ्यांना फसवायची त्यांनी सगळी तयारी केली होती, तसाच लांबट आकार, तसाच पांढरा रंग, आणि नाकाला मात्र ते विसरले होते. आतून गार झाले मी. पण खोटं कशाला बोलू, त्या गारठ्याच्या तळाशी एक ऊबही होती. म्हणजे खरी गोळी त्याला अजून मिळालेलीच नव्हती. म्हणजे अजून काहीतरी द्यायचं शिल्लक होतं.

माझं काम वासाचंही आहे आणि खिशांचंही. मी लॉन्ड्रीत आहे. कपडे काउंटरवरून आत येतात ते आधी माझ्या टेबलावर. खिसे तपासायचे, डाग बघायचे, हुंगायचे, आणि कुठल्या ढिगात जायचा तो कपडा तिकडे टाकायचा. खिशात हात घालायचा नाही, हा माझा नियम. नव्या मुली येतात आणि पहिल्याच दिवशी सरळ हात खुपसतात, तेव्हा मी त्यांच्या मनगटावर चापट मारते. खिसा आधी बाहेरून दाबायचा. मग तळ चिमटीत धरून बाहेर ओढायचा, पार उलटा करायचा, शिवणीतला कचरासुद्धा दिसला पाहिजे. इस्त्रीवाली मला म्हणते, तुझ्यासमोर देव आला तरी आधी त्याचे खिसे उलटे करशील. करीन. देवाच्या खिशात काय असेल ते मला बघायचंच आहे. तिला हा नियम माझा खडूसपणा वाटतो. कुठून आला ते तिला माहीत नाही.

तो आला एका जीन्सच्या खिशातून. तेव्हा भिंगऱ्या दिवसचे दिवस घरी यायचा नाही, आणि आला की जमिनीवर, सापडेल तिथे, बुटांसकट झोपायचा. अशाच एका दुपारी तो झोपलेला असताना मी त्याचे कपडे धुवायला घेतले. राग होता, राग असला की मी कपडे धुते. जीन्सच्या मागच्या खिशात हात घातला आणि बोटाला काहीतरी चावलं. मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आत एखादा किडा आहे. बोट बाहेर काढलं तर टोकावर रक्ताचा मणी, अगदी छोटा, गोल, शहाण्यासारखा बसलेला. मी नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. पाणी वाहत होतं, तो घोरत होता, आणि खालून कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव सांगत होते. मग हॉस्पिटल, मग महिनाभर कडक गोळ्या, मग पुन्हा पुन्हा तपासणी. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शेवटी मी सुटले. पण त्या निमित्ताने त्यालाही ओढून नेलं होतं, आणि तो सुटला नाही. माझ्या बोटाने त्याचा आजार हुडकून काढला. तेव्हापासून माझ्यात भीती राहायला आली ती आलीच. पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण होऊन बसली. फोन वाजला तरी ती आधी उठते आणि मी मागाहून. त्याला यायला उशीर झाला तर ती खिडकीत, तो वेळेवर आला तर ती त्याच्या डोळ्यांत बघते की बाहुल्या बारीक तर नाहीत. सुई सुटून आता बराच काळ लोटला तरी तो अंघोळीला गेला की मी त्याचे खिसे उलटे करते. त्याला ठाऊक आहे. तो शर्ट खुंटीवर टांगतानाच खिसे बाहेर काढून ठेवतो, दोन पांढऱ्या जिभा. कधी त्यात एखादं चॉकलेट ठेवतो, माझ्यासाठी, मला चालत नाही हे माहीत असून. असा आहे तो.

तर त्या रविवारी मी काय केलं ते सांगते. डबीत त्याच्या बाटलीतल्या ज्या गोळ्या टाकल्या होत्या त्या काढल्या आणि माझ्या बाटलीतल्या टाकल्या. त्याच्या तेवढ्याच गोळ्या माझ्यासाठी एका रिकाम्या डबीत गेल्या. त्याची बाटली हॉस्पिटलात मोजायला गेली तरी हिशोब चोख. माझ्या गोळ्या मला दवाखान्यातून मोजूनच मिळतात, दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि चिठ्ठी मागायला जावं तर कशाला हवी ते सांगावं लागणार. तेव्हा माझ्या तोंडातलीच काढून त्याच्या तोंडात घालायची, आणि त्याची खोटी मी खायची, हा एकच रस्ता होता. लहानपणी त्याला भरवताना मी हेच करायचे, माझ्या पानातला चांगला घास त्याला. आईने बघितलं की धपाटा घालायची. आई म्हणजे नुसतं कामाचं यंत्र होती बिचारी. तिलाही साखर होती. तिने औषध कधी घेतलं कधी नाही घेतलं, एक दिवस पायाच्या अंगठ्याला बूट चावला आणि ते चावणं वर वर चढत गेलं. शेवटी पाय कापला. पाय नसलेली आई खाटेवर बसून चादरीच्या त्या सपाट भागावर हात फिरवायची, पाय आहे असं समजून खाजवायची. हे सगळं मला डबी भरताना दिसत होतं. तरी हात थांबला नाही. एक गोळी ओट्याखाली घरंगळली, मी गुडघ्यांवर बसून ती शोधली, पुसली, आणि कप्प्यात ठेवली.

पुढचे दिवस म्हणजे विषाची परीक्षाच. कुणाकुणासाठी भ्यायचं याचाच गोंधळ. त्याने माझी पहिली गोळी पाण्याबरोबर घेतली तेव्हा मी पाठ करून भांडी लावत होते, आणि त्याच्या घशाचा तो आवाज माझ्या पाठीला ऐकू आला. चक्कर आली तर? पोट बिघडलं तर? एचआयव्हीच्या गोळ्यांशी हिचं वाकडं निघालं तर? त्याला काहीही झालं नाही. मला सुरुवातीला ही गोळी घेताना पोटात कळा यायच्या, त्याचं पोट मात्र ढिम्म. मी म्हटलं, शुभशकुन आहे, पोराला मानवतेय. मग स्वतःची पाळी. सारखी तहान लागायला लागली. लॉन्ड्रीत पाण्याची बाटली संपवून पुन्हा भरायला जायची, इस्त्रीवाली म्हणायची, अगं काय गं, वाफ माझ्याकडे आणि कोरड तुला? पावलांना मुंग्या यायच्या. रात्री झोपताना मी दोन्ही पाय एकमेकांवर घासून बघायची की कळतं ना, आहेत ना. संध्याकाळी दूरच्या पाट्या अंधुक दिसायच्या आणि मी ठरवून टाकायची की चालले डोळे. बूट मी आधीच मऊ घ्यायला लागले होते, आता दोन-दोन मोजे घालून जाऊ लागले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मी पाणीही फुंकून प्यायला लागले होते.

आणि तरीही ते दिवस नुसते भीतीचे नव्हते, हे सांगायला हवं. त्याचा खोकला कमी झाला. निदान मला कमी ऐकू यायला लागला. गालांवर थोडं मांस आलं. तो एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर जायचा, तिथून आला की आधी आडवा पडायचा, तो आता बसून गप्पा मारायला लागला, शेजाऱ्याच्या कुत्र्याची नक्कल करायला लागला. मी त्याच्याकडे चोरून बघायची आणि मनात म्हणायची, माझी आहे ती, माझी गोळी आहे तुझ्या रक्तात. जणू काही मी त्याला पुन्हा एकदा जन्म देत होते, मला ना मूल ना बाळ, होता तो हाच. हॉस्पिटलातून फोन आला की मात्र चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, रक्तात दिसलं असेल, आता बोलावतील, डॉक्टरीणबाई ते लहान हात टेबलावर ठेवून विचारतील, की तुम्ही असं का केलंत, शेकडो लोकांच्या तपासणीत तुम्ही एक खोटा माणूस घुसवलात. त्याला काढून टाकतील. हे सगळं मी जागेपणी इतक्या वेळा ऐकलं होतं, की एकदा नुसता तारीख बदलल्याचा फोन आला तर मी म्हटलं, माफ करा. पलीकडची बाई म्हणाली, अहो माफी कसली, आम्हीच बदलतोय.

मग माझ्या स्वतःच्या तपासणीची वेळ आली. दवाखान्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर बघतात, रक्तात ती लिहिलेलीच असते, दोन दिवस उपास करून लपवता येत नाही. त्या दिवशी मी जाऊच नये असं ठरवलं होतं. पण न जाण्याचीही भीती, आणि शिवाय कुठेतरी मला ती वाढलेली साखर बघायचीही होती. विचित्र वाटेल, पण तो माझा पुरावा होता. माझ्यात जेवढी वाढली असेल तेवढं त्याला पोहोचलं. आमचे डॉक्टर म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि टेबलावर शोधतात. रिपोर्ट बघून त्यांनी भुवया वर केल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"वा," ते म्हणाले. "उलट थोडी उतरलीय. काय खाता काय हल्ली? मलाही सांगा."

"कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच. दुसऱ्या कुणाचं रक्त दिलं होतंत का?"

"डॉक्टर, मशीन चुकलं असेल."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "चुकतात मशीनं. पण माझ्या अख्ख्या आयुष्यात चांगला रिपोर्ट आला म्हणून मशीनवर संशय घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"घेतेय," मी म्हटलं.

"मग त्याच चालू ठेवा. हे त्यांचंच काम आहे."

मी बाहेर आले. रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती, एक बाई छत्री उघडत होती, एक माणूस दुकानाची काच पुसत होता, आणि माझ्या पायाखालची वाळू सरकत होती. पायांना मुंग्या नव्हत्या, हे मला चालताना लक्षात आलं. तहानही नव्हती. मी पाट्या वाचून बघितल्या, लांबच्या, चौकाच्या पलीकडच्या, सगळ्या स्वच्छ दिसत होत्या. इतके दिवस कुठलीच लक्षणं नव्हती, मीच ती घडवली होती. मी स्वतःला समजावत चालले होते. तू जेवत कुठे होतीस, भीतीने घास उतरत नव्हता, त्याने उतरली असेल साखर. लॉन्ड्रीत दिवसभर उभी असतेस, त्याने असेल. दोन मोज्यांनी असेल, म्हणायला काय जातं. पण आत एक वाक्य सुरू झालं होतं, ते थांबेना. हे त्यांचंच काम आहे. कुणाचं काम? मी तर त्याच्या गोळ्या खात होते.

घरी आले. तो अजून कामावरून यायचा होता. बूट न काढता ओट्याशी गेले, त्याची बाटली उघडली, हुंगली. काही नाही. एक गोळी बशीत ठेवली आणि वाटीच्या बुडाने दाबली. गोळी घट्ट होती, निसटली, बशीच्या कडेला जाऊन आपटली. पुन्हा मधे आणली आणि अंगाचा भार देऊन दाबली. कट्‌ असा बारीक आवाज झाला. वरचं कवच निघालं, अंड्याच्या टरफलासारखं, चांगलं जाड, आणि आतली पूड बाहेर सांडली. मला वाकावं लागलंच नाही. वास स्वतःच वर आला. ओला टायर, शिळी मासळी. माझ्या कितीतरी वर्षांच्या सकाळ-संध्याकाळचा वास. नाकाला ते विसरले नव्हते. नाकासाठीच तर त्यांनी ते कवच चढवलं होतं, खऱ्यालाही आणि खोट्यालाही. आणि मी, जगाचे खिसे शिवणीपर्यंत उलटे करणारी, मी गोळी फक्त बाहेरून हुंगली होती.

म्हणजे त्याला छापाच मिळाला होता. पहिल्या दिवसापासून. मी त्याची खरी काढून त्याला खरीच देत होते, आणि त्याची खरी मी खात होते. कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. कुणीही म्हणेल, बाई, सुटलीस. पण मी बशीकडे बघत उभी होते. त्याला औषध मिळत होतं. मिळत असूनच पेशी वाढल्या नव्हत्या. इतके दिवस मी माझ्या उशीखाली एक गोष्ट ठेवून झोपत होते, की अजून काहीतरी शिल्लक आहे, अजून खरं औषध त्याला मिळालेलं नाही. ते आता बशीत सांडलेलं होतं. द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. आजवरची सगळी भीती मला त्या क्षणी खेळण्यातली वाटली, कारण तिच्या पलीकडे निदान काहीतरी करायचं असायचं.

दार वाजलं, किल्ली फिरली, आणि तो आत आला. मला बशी लपवायचं सुचलं नाही. त्याने मला बघितलं, मग बशी बघितली, बशीतली पांढरी पूड बघितली, आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडे गेला. मला कळलं त्याला काय वाटलं ते.

"ताई, ते माझं नाहीये," तो म्हणाला. आवाज अगदी लहान मुलाचा. "आईशप्पथ. कुठे सापडलं तुला? माझं नाहीये ते."

"तुझंच आहे," मी म्हटलं.

"नाही गं. मी हात लावलेला नाही. खरंच ना–" आणि तो थांबला. त्याचं नाक हललं. तो दोन पावलं पुढे आला, बशीवर वाकला, आणि हळूहळू त्याच्या खांद्यातला ताण उतरला. खुर्ची ओढून तो बसला. म्हणाला, "फोडून बघितलीस होय."

"तुला काय माहीत?"

"मी पहिल्याच दिवशी चावून बघितली होती." तो माझ्याकडे न बघता बोलत होता, बशीची कड बोटाने फिरवत. "जुनी सवय गं. माल हातात आला की आधी जिभेवर. त्याशिवाय विश्वास नाही ठेवायचा कुणावर. चावली, तर तुझ्या बाटलीचा वास. म्हटलं, वा, छापा. त्या रात्री आनंदाने झोप नव्हती मला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं नसतं ना, कुणाला काय मिळालं ते. आणि म्हटलं, पेशी वाढल्या की एकदमच सांगू. धमाल करू." त्याने खांदे उडवले. "मग तो रिपोर्ट आला."

ओट्यावर नळ थेंब थेंब गळत होता. मी उठून तो घट्ट केला, तरी गळतच राहिला. पाठ त्याच्याकडे असतानाच विचारलं, "आणि मी गोळ्या बदलत होते, ते?"

"डबीतनं तो वास यायला लागला तेव्हाच कळलं. आपल्या घरात मासळी तूच." तो थोडा हसला. "पहिल्यांदा घाबरलो, तू बिनगोळीची राहतेस की काय म्हणून. मग डोकं चाललं. माझी तू खातेस, आणि माझी खरीच आहे. फिटंफाट. म्हटलं, चालू दे."

"चालू दे? रोज मरत होते मी."

"हो, पण तू गुणगुणायला लागली होतीस."

मी वळून बघितलं.

"रविवारी डबी भरताना," तो म्हणाला. "आई गेल्यापासून तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं मी. आत अंथरुणात पडून ऐकायचो. सांगितलं असतं तर बंद झालं असतं."

मला ते माहीतच नव्हतं. माझ्या गळ्यातून असा काही आवाज निघत होता हे मला त्याच्याकडून कळत होतं. मी खुर्चीवर बसले. दोघांच्या मधे ती बशी होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं, फरशीवरून पाय घासत गेल्याचा लांबलचक आवाज आला आणि थांबला. मी विचारलं, आता काय रे, आणि विचारताना मला ठाऊक होतं की याचं उत्तर त्याच्याकडे नाही, डॉक्टरीणबाईंकडे नाही, कुणाच्याच खिशात नाही.

"काहींना वेळ लागतो म्हणाल्या ना त्या," तो म्हणाला.

"काहींना."

"हो, काहींना." मग त्याने माझ्याकडे बघितलं, सरळ, बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं तसं. "मला फार भीती वाटते, ताई. शिट्ट्या वाजवतो म्हणून तुला वाटतं नाही वाटत. पण वाटते."

मला वाटलं होतं की हे वाक्य त्याने कधी उच्चारलं तर मी कोसळेन. तसं झालं नाही. घरात इतकी वर्षं मी एकटीच जिच्याबरोबर जागी राहायची त्या भीतीला आज दुसऱ्या कुणीतरी नावाने हाक मारली होती, एवढंच. मी म्हटलं, "मलाही." तो म्हणाला, "तुझी तर फॅक्टरीच आहे." आम्ही दोघंही हसलो नाही. मग मी म्हटलं की पुढच्या वेळी हॉस्पिटलात मी सगळं खरं सांगणार आहे, बदललेल्या गोळ्यांचं आणि या फोडलेल्या गोळीचंही, काढायचं असेल तर काढोत. तो म्हणाला, सांग, मीही येतो, चावल्याचं मला सांगावं लागेल. मी बशी उचलून बेसिनकडे न्यायला लागले तर त्याने माझं मनगट धरलं.

"वाया कशाला घालवतेस? संध्याकाळची माझीच आहे ती."

त्याने बशी स्वतःकडे ओढली. तर्जनी जिभेला लावून ओली केली, पुडीत दाबली, आणि बोट वर उचललं. बोटाच्या टोकावर पांढरं. हेच बोट, ही अशीच पूड, ही अशी मान खाली घालून बसायची तऱ्हा, हे मी एकदा दाराच्या फटीतून बघितलं होतं आणि आयुष्यभर स्वप्नात बघत आले होते. माझा हात त्याच्या हाताकडे झेपावलाच होता. मी तो मागे घेतला. त्याने बोट जिभेवर ठेवलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि पुन्हा ओलं करून बशीत दाबलं. कवचाचे तुकडेसुद्धा त्याने टिपून घेतले. मी पेल्यात पाणी भरून त्याच्यासमोर ठेवलं आणि बशी स्वच्छ होईपर्यंत तिथेच उभी राहिले.